लोणार सरोवर, एका दिवसात: सकाळी 7 ला उतरा नाहीतर वरूनच बघा

पहिली गोष्ट, पाणी गुलाबी नाहीये. मोबाईलवर अजून जे व्हिडिओ फिरतायत ते जून 2020 चे आहेत, तेव्हा पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला होता, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलंय. आता शेवाळाचा गडद हिरवा रंग आहे आणि मला तोच जास्त आवडला.

दुसरी थाप म्हणजे "अर्ध्या तासात खाली जाऊन वर". साफ खोटं. कडेपासून पाणी जवळपास 137 मीटर खाली आहे. धारेच्या, म्हणजे काठावरच्या झऱ्याच्या बाजूने पायऱ्या उतरताना काहीच वाटत नाही, रामगया मंदिरापर्यंत गप्पा मारत जाता येतं, पण खरा त्रास काठावर सुरू होतो. पांढरी खारी माती वरून कोरडी दिसते आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत, त्यात वेड्या बाभळीचे काटे पडलेले, सोबतच्या मित्राच्या सँडलमधून काटा थेट तळव्यात गेला. बूटच घाला, सँडल नको म्हणजे नकोच. पाणी वाढलं असेल तर कमळजा देवीकडे जाणारी काठाची वाट बुडालेली असते, वरच विचारून घ्या, आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि अर्ध्यातून झाडीत घुसून मागे यावं लागलं.

आणि चढण. अकरा वाजल्यानंतर उल्केने पडलेल्या खड्ड्याची ती कढई तापते, चहूबाजूंनी काळा बेसाल्ट खडक, खाली वाऱ्याचा पत्ता नाही, नाकात सरोवराचा सडका वास. रात्री घरी बसून हे लिहितोय आणि पोटऱ्या अजून ओढतायत. माणशी 2 लिटर पाणी न्या, खाली काही मिळत नाही, सरोवराचं पाणी क्षारयुक्त आहे, हाताला बुळबुळीत लागतं.

पैशाचं पण सांगतो. गाडीतून उतरल्या उतरल्या एकजण मागे लागला, खाली न्यायचे 1200 म्हणाला, वर "एकटे गेलात तर बिबट्या आहे" अशी भीती घातली. शेवटी 500 ला तयार झाला. माहिती देणारा माणूस जरूर घ्या, उल्का कशी पडली, कुठली देवळं कुठे आहेत हे कळतं, पण आकडा आणि किती तास ते वरच ठरवा, आणि कमळजा देवीपर्यंत नेणार का ते स्पष्ट विचारा.

एवढं सगळं असूनही जा. सकाळी काठावर आम्ही सोडून कुणी नव्हतं, मोर ओरडत होते, गाडीचा एक हॉर्न नाही, डोकं रिकामं झालं अगदी. कित्येक महिन्यांत इतकं शांत वाटलं नव्हतं. 2020 पासून सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, अभयारण्य आहे, त्यामुळे वेफर्सची पाकिटं खाली टाकणाऱ्यांना तिथेच बोला, आम्ही बोललो.

संभाजीनगरहून जालना, मंठा असे गेलो, पहाटे साडेतीनला निघालात तर जमतं, नाहीतर आदल्या रात्री लोणारलाच मुक्काम करा. शनिवार-रविवारी धारेवर आंघोळीची गर्दी आणि आरडाओरडा, मधला वार पकडा. वर आल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा, छान आहे, सावली आहे, आणि तिथे चढायला काही नाही.