चार ओळींचं टेबल

१७ जानेवारी, रात्री साडेदहा

दुपारी चारला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून फोन. "साहेब, सॉफ्टवेअर परत झोपलं." या आठवड्यातली चौथी खेप. सकाळी सहाला वजनाची पावती टिचकीसरशी निघते, दुपारी दोनला दोन सेकंद घेते, चारला सात. सात सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण अड्ड्यात उसाच्या तीनशे गाड्या उभ्या असल्या आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढत नसला, की तेही जाणवतात.

आमचा रामबाण म्हणजे रिस्टार्ट. काल मी जरा शास्त्रशुद्ध वागलो. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्याचे शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटा हाताशी ठेवायला राखलेली मेमरी, मुळातल्या १२८ एमबीवरच होते, सर्व्हरला रॅम १६ जीबी. ते ४ जीबी केले. सर्व्हर धावायला लागला आणि मी चहा मागवला. तो बदल लागू व्हायला रिस्टार्ट द्यावाच लागतो आणि गुण त्या रिस्टार्टचा असू शकतो, हे काही डोक्यात आलं नाही. आज चारला आलं.

म्हणून आज रिस्टार्टला हात लावला नाही. डिस्क निवांत, प्रोसेसर मात्र तापलेला. मग टेबलांची आकडेवारी काढली. 'काटा' नावाचं टेबल आहे, त्यात चारच ओळी, प्रत्येक वजनकाट्याची एक. गाडी असो नसो, दर सेकंदाला तिथे ताजं वजन लिहिलं जातं. जिवंत ओळी ४. मृत ओळी १,४३,०००!

पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी खोडत नाही, नवी प्रत लिहितो. जुन्या प्रती झाडून काढायचं काम ऑटोव्हॅक्यूमचं. मला वाटलं तोच बंद पडलाय. पण शेवटची फेरी मिनिटाभरापूर्वीचीच होती. हातानं व्हॅक्यूम चालवला तर उत्तर आलं: ओळी मृत आहेत, पण अजून काढता येत नाहीत. झाडूवाला दर मिनिटाला येतोय आणि कचरा तसाच ठेवून जातोय. आणि पावतीची क्वेरी रांगेतल्या प्रत्येक गाडीसाठी या ढिगातून एकदा जाते.

काढता येत नाहीत, म्हणजे जुनं ट्रान्झॅक्शन, डेटाबेसमधला एक अर्धवट व्यवहार, कुणीतरी उघडं ठेवलंय. ते मिटेपर्यंत त्यानंतरच्या जुन्या प्रती पोस्टग्रेस टाकत नाही. कधीपासून? कागदावर भागाकार केला. १,४३,००० भागिले चार, सुमारे ३५,७५० सेकंद, म्हणजे दहा तासांना चार मिनिटं कमी. चारातून वजा केले, सकाळचे सहा. डेटाबेसला कोण कोण जोडलंय ते दाखवणारं पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी उघडलं तर एक सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे व्यवहार उघडा ठेवून रिकामं बसलेलं, सुरुवात ६:०४. शेती ऑफिसातल्या अहवालाच्या प्रोग्रॅमची खिडकी! उघडताना लॉगिनची एक ओळ लिहिते आणि कमिट न करता, म्हणजे व्यवहार पक्का करून न मिटवता, दिवसभर तशीच बसून राहते. संध्याकाळी ऑफिस बंद झालं की सुटते, म्हणून रात्रपाळीची कधी तक्रार नाही.

तो प्रोग्रॅम कुणाचा? माझाच. तीन हंगामांपूर्वीचा. तेव्हा काट्याचं वजन टेबलात लिहिलं जात नव्हतं, म्हणून चूक खपून गेली.

सेशन तोडलं. दोन मिनिटांत मृत ओळी शंभराच्या आसपास, पावती पुन्हा टिचकीवर. प्रोग्रॅममध्ये कमिटची एक ओळ घातली. शिवाय असं रिकामं बसलेलं सेशन आपोआप तोडणारा आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट पाच मिनिटांवर ठेवला. मुळात तो शून्य, म्हणजे बंदच असतो. ही सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे. मी आज वापरली.

रात्री नऊला पुन्हा पाहिलं, मृत ओळी दोनशेच्या आत. काट्यावरून फोन नाही. निघताना अकाउंट्सवाले भाऊ जिन्यात भेटले. "रॅमच्या कोटेशनवर सही झाली बरं का, सोमवारी येतेय. बघा, आजच फरक पडला!" मी मान हलवली आणि गाडीला किक मारली.