आमची वाटचाल: बाटलीकडून टायमरकडे

सुरुवातीला आम्ही मासे, काचेच्या टाक्या आणि शेवाळ मारायच्या औषधाच्या बाटल्या विकायचो. काच हिरवी झाली की गिऱ्हाईक बाटलीसोबत काचेवरचं शेवाळ खाणारा एक सकर मासाही न्यायचं. हा मासा फूटभर वाढतो, घाण भरपूर करतो आणि मऊ पानं ओरबाडतो. आता दुकानात सकर ठेवत नाही.

आज मुख्य काम म्हणजे कोल्हापुरातल्या प्लांटेड टँकची, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या टाक्यांची देखभाल. टँक लावतानाच निम्म्याहून जास्त तळ झाकेल इतकी हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरियासारखी भराभर वाढणारी झाडं घालतो. झाडं विरळ आणि लाइट दणदणीत, मग शेवाळाला आणखी काय हवं? पहिले तीन-चार आठवडे लाइट सहाच तास, आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदली, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारून. तपकिरी थर येतो तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. पुसत राहायचं, आपोआप जातो. त्यासाठी औषध मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवतो.

खरी डोकेदुखी काळ्या दाढीसारख्या शेवाळाची. त्यामागे बहुधा सीओटूचा, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा चढउतार असतो. गॅस लाइट लागायच्या दोन तास आधी सुरू आणि लाइट बंद व्हायच्या तासभर आधी बंद. ड्रॉप चेकर म्हणजे गॅसचं प्रमाण रंगाने दाखवणारी टाकीतली छोटी कुपी. त्यातलं 4 डीकेएचचं (कार्बोनेट कठीणपणाचं माप) द्रावण हिरवं दिसलं म्हणजे गॅस साधारण 30 पीपीएम (दहा लाखात 30 भाग). निळं म्हणजे गॅस कमी. पिवळं आणि मासे वर येऊन धापा टाकतायत, तर लगेच कमी करा. वीज गेली की काट्याचा टायमर थांबतो आणि वेळापत्रक सरकतं. गॅस हाताने सोडणाऱ्यांचा लाइटशी मेळ तिथेच तुटतो. म्हणून बॅटरीवाला डिजिटल टायमर, गॅस-लाइट दोन्हीला.

दाढी आलेली पानं कापून टाकायची. दगड-लाकडावर फिल्टर बंद ठेवून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने सोडतो, 10 लिटरला 4 मिलीच्या आत, मॉसवर (शेवाळासारख्या दिसणाऱ्या नाजूक वनस्पतीवर) नाही. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू. काही दिवसांत दाढी लाल-पांढरी पडते.

शेवाळ दिसताच खत बंद करणं ही सर्रास चूक. उपाशी झाडंच आधी हरतात. काचेवर कडक हिरवे ठिपके आले की बरेचदा खतातलं फॉस्फेट कमी असतं. नायट्रेट 10 ते 20, फॉस्फेट 1 ते 2 पीपीएम ठेवतो.

पाणीच हिरवं झालं, तर कोल्हापूरच्या रंकाळा तलावासारखं गणित: अन्नद्रव्यं जास्त, वर ऊन. टाकी खिडकीपासून हलवायची, चार दिवस काळ्या कापडात गुंडाळायची, गॅस बंद, हवेचा पंप चालू, मग निम्मं पाणी बदलायचं.

आता वार्षिक करारातच लाइटचे तास लिहून घेतो. पाहुण्यांना दाखवायला म्हणून मध्यरात्रीपर्यंत टाकी उजळली, तर पुढच्या सफाईचे पैसे वेगळे.