वांगावर गोळी आणि लेझर

धाकट्याच्या वेळी दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. बाळंतपणानंतर जातील म्हणाले सगळे. पोरगं शाळेत जायला लागलं तरी ते जागचे हलले नाहीत. सासूबाईंनी जायफळ उगाळून दिलं, त्याने नुसती आग झाली. शेजारच्या ताईंनी सुचवलेली 'हमखास' ट्यूब मात्र घेतली नाही. तसल्या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, आणि ते महिनोन् महिने लावून चेहऱ्याची वाट लागलेली मैत्रीण मी पाहिली आहे.

कोथरूडच्या त्वचारोगतज्ज्ञांना म्हटलं, लेझरच करून टाका एकदाचं. त्या हसल्या. नुसत्या लेझरने वांग फिका होतो आणि परत येतो. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या कातडीला उष्णता जास्त लागली तर आणखी काळं पडतं. म्हणून आधी क्रीम आणि गोळी, मग कमी ताकदीचं लेझर.

गोळी ट्रानेक्सॅमिक ॲसिडची, २५० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी बघून हळूच विचारलं, "ताई, पाळीचा त्रास आहे का?" त्यांचंही बरोबर होतं. जपानमध्ये १९६२ साली ओकामोतो दांपत्याने शोधलेलं हे औषध मुळात रक्तस्राव थांबवण्याचं. वांग फिका होतो हे नंतर लक्षात आलं. रक्त थांबवणाऱ्या औषधाने नको तिथे गुठळी होण्याची भीती असते, त्यामुळेच गोळी लिहिण्याआधी डॉक्टरांनी उलटतपासणी घेतली होती : पायात कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला लकवा, हार्टचा त्रास, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, सिगारेट? हे न विचारता कुणी ही गोळी देत असेल तर मी तरी तिथून उठेन. नणंदेने माझ्याच पाकिटातल्या गोळ्या मागितल्या होत्या. ती गर्भनिरोधक गोळ्या घेते. मी सरळ नाही म्हटलं, थोडा रुसवा झाला. मला स्वतःला पाळीत रक्तस्राव कमी झाला आणि सुरुवातीला पोटात ढवळायचं, एवढंच.

लेझर क्यू-स्विच्ड एनडी-यॅग, म्हणजे अगदी क्षणिक झटक्यांत प्रकाश सोडणारं, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं. डोळ्यांवर झाकणं, मग टकटकटक आवाज, आणि गालावर बारीक रबरबँड ताणून सोडल्यासारखं. जळक्या लवेचा वास येतो. थोडा वेळ लाली, मग बर्फाची पिशवी.

खरी कटकट उन्हाची. स्कूटीवर स्कार्फ गुंडाळला की झालं, हा आपला पुणेरी समज. डॉक्टर म्हणाल्या, स्कार्फच्या आतही सनस्क्रीन हवंच, आणि तेही आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं. कारण डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो आणि साध्या सनस्क्रीनने तो उजेड फारसा अडत नाही. महिन्याच्या खर्चात ही ट्यूब बोचते.

डावा गाल जवळजवळ साफ झाला. उजव्यावर पुसट छटा राहिली, ती गोळ्या थांबवल्यावर एप्रिलच्या उन्हात पुन्हा जरा वर आली. मी लेझरची तारीख मागितली, तर डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या उन्हात नको, क्रीम चालू ठेवा आणि पाऊस सुरू झाला की या.