दोन दिव्यांची बेरीज

काही दिवसांपूर्वी एका दृश्यात पणतीची ज्योत बसवायची होती. ज्योत काळ्या पडद्यासमोर वेगळी चित्रित केलेली होती आणि मागे उतरत्या उन्हातले अंगण होते. अशा कामात माझा हात सवयीने ‘स्क्रीन’ या ब्लेंड मोडकडे, म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन चित्रे मिसळण्याच्या एका रीतीकडे जातो, कारण त्यात काळा भाग आपोआप नाहीसा होतो आणि उजेड तेवढा मागच्या चित्रावर चढतो. या वेळी मात्र, ज्योतीचा गाभा जिथे भिंतीवरच्या उन्हाच्या तिरिपीवर आला, नेमका तिथेच एक काळा डाग उमटला.

कारण शोधायला सूत्र पुरेसे होते. स्क्रीन दोन्ही लेयरची, म्हणजे चित्राच्या थरांची, उजेडाची मूल्ये (० म्हणजे काळा, १ म्हणजे पूर्ण पांढरा) १ मधून वजा करते, त्या दोन वजाबाक्यांचा गुणाकार करते आणि तो गुणाकार पुन्हा १ मधून वजा करते. हा हिशेब लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये स्वतंत्रपणे चालतो. मूल्ये ० ते १ यांच्या दरम्यान असतील तोवर उत्तर कधीही १ च्या वर जात नाही, आणि हाच या मोडचा मोठा गुण मानला जातो. परंतु माझे काम ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे १ च्या वरची तेजस्वी मूल्येही जपून ठेवणाऱ्या पद्धतीत चालले होते. भिंतीवरचे मूल्य १.८ आणि ज्योतीच्या गाभ्याचे २.५ होते. उणे ०.८ गुणिले उणे १.५ म्हणजे १.२, आणि १ मधून १.२ गेले की उरते उणे ०.२. उणे प्रकाश पडद्यावर काळाच दिसणार. फोटोशॉपमध्ये ३२-बिट चित्र उघडले की मोडच्या यादीत स्क्रीन आणि ओव्हरले निवडता येत नाहीत, दोन मूल्यांचा सरळ गुणाकार करणारा मल्टिप्लाय मात्र निवडता येतो, हे मी पूर्वी पाहिले होते. त्यामागचे गणित मला त्या डागाने दाखवले.

पण मग इतकी वर्षे स्क्रीनने ज्योती, ठिणग्या आणि धुके इतके सुरेख कसे बसत होते? याचे उत्तर ८-बिट, म्हणजे ० ते २५५ आकड्यांच्या नेहमीच्या चित्रातल्या आकड्यांच्या स्वरूपात आहे. डोळ्याला अंधारातले बारीक फरक अधिक जाणवतात, म्हणून एसआरजीबीसारख्या, पडद्यावरचे रंग आकड्यांत नोंदवण्याच्या पद्धतीत २५६ पायऱ्यांपैकी बऱ्याच पायऱ्या गडद छटांना दिलेल्या असतात. त्यामुळे १२८ हा आकडा अर्ध्या प्रकाशाचा नसून पूर्ण पांढऱ्याच्या सुमारे २१.६ टक्के प्रकाशाचा आहे. आता एकाच जागी अशा दोन दिव्यांचा उजेड पडला असे समजू. सरळ आकडे मिळवले तर २५६, म्हणजे २५५ च्या कमाल मर्यादेवर अडून पूर्ण पांढरा, आणि पूर्ण पांढरा म्हणजे एका दिव्याच्या साडेचार पटींहून अधिक प्रकाश. खरा प्रकाश तर फक्त दुप्पट व्हायला हवा होता. आकडे आधी लिनियर, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणात करून, प्रकाशांची बेरीज करून पुन्हा एसआरजीबीत आणले तर उत्तर १७६ येते. स्क्रीनचे उत्तर आहे १९२. साध्या बेरजेच्या मानाने ते खऱ्या उत्तराच्या कितीतरी जवळ आहे, आणि माझ्या मते स्क्रीनची सगळी लोकप्रियता या जवळिकीतच आहे. गॅमा लावलेल्या, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे गडद छटांना जास्त पायऱ्या देणाऱ्या आकड्यांसाठी ती एक उत्तम तडजोड आहे; लिनियर कामात मात्र तिचे प्रयोजनच उरत नाही, तिथे साधी बेरीज, म्हणजे ‘प्लस’ किंवा ‘ॲड’, हेच प्रकाशाचे खरे वागणे असते.

मल्टिप्लायची गोष्ट निराळी आहे. दोन संख्यांच्या घातांचा गुणाकार हा त्यांच्या गुणाकाराचाच घात असतो, हे शाळेतले बीजगणित इथे कामी येते: गॅमा हा निव्वळ घात असेल, तर गुणाकार आधी करा वा नंतर, उत्तर बदलत नाही. एसआरजीबीचे सूत्र निव्वळ घाताचे नसल्यामुळे थोडा फरक पडतो. १२८ आणि १२८ यांचे मल्टिप्लाय थेट केले तर ६४ येते, लिनियरमधून केले तर ६१. म्हणूनच मल्टिप्लायने बसवलेला सावलीचा लेयर दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखाच दिसतो.

ओव्हरले ०.५ हा काटा धरून त्याहून कमी मूल्यांवर मल्टिप्लाय आणि जास्त मूल्यांवर स्क्रीन चालवतो, पण लिनियरमध्ये मध्यम करडा रंग ०.१८ च्या आसपास असल्यामुळे तो काटाच चुकीच्या जागी पडतो.

कोणताही मोड न लावलेल्या साध्या मिश्रणालाही हाच नियम लागू आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते याची मला खंत वाटते. हिरव्या भातशेतासमोर लाल पदर असेल आणि मास्कची, म्हणजे पदर वेगळा काढणाऱ्या आकाराची, कड मऊ केलेली असेल, तर शुद्ध लाल व शुद्ध हिरवा यांचे निम्मे-निम्मे मिश्रण थेट आकड्यांत १२८, १२८, ० असे येते आणि पदराभोवती मळकट, तपकिरी रेघ दिसते. लिनियरमध्ये तेच मिश्रण १८८, १८८, ० येते आणि ती रेघ नाहीशी होते. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ‘ब्लेंड कलर्स युझिंग १.० गॅमा’, म्हणजे लिनियर मिश्रणाचा, पर्याय यासाठीच दिलेला आहे. मी तो आता प्रत्येक नव्या कामात आधी तपासतो.

पणतीची ज्योत अखेर प्लसने बसवली. डागाच्या जागी मूल्य ४.३ झाले आणि शेवटी तेजस्वी भाग पडद्याच्या मर्यादेत दाबून आणल्यावर गाभा शुभ्र, त्याभोवतीची कड पिवळी आणि भिंतीवरचे ऊन त्यातून किंचित जाणवणारे, असे ते चित्र उतरले.