पँटचं दप्तर

रविवारी दुपारी अडीच वाजता, म्हणजे जेवण होऊन अंग जड झालंय आणि पंखा पाचवर करून आडवं व्हायचं एवढाच कार्यक्रम शिल्लक आहे अशा वेळी, लेक उशाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, आपल्या घरात कचरा कुठंय?

म्हटलं, डस्टबिनमध्ये.

तो नाही. चांगला कचरा.

तर उद्या शाळेत बेस्ट आउट ऑफ वेस्ट. मेसेज ग्रुपवर बुधवारीच आलेला होता पण त्याच्यावर सत्तेचाळीस अंगठे आणि नमस्कार साचले होते त्यामुळे तो आमच्यापर्यंत पोचलाच नाही. आमच्या वेळी ह्याला टाकाऊतून टिकाऊ म्हणायचे आणि ते कार्यानुभवाच्या तासाला असायचं. बायको म्हणाली एवढं काय त्यात, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडं आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट मिळतं, घेऊन या. मिळतं, मला माहितीये, गेल्या वर्षी आणलं होतं. पन्नास काड्या, एकीलाही आइस्क्रीम लागलेलं नाही. म्हणजे टाकाऊ वस्तू विकत आणायची, तीपण कोरी करकरीत. ह्याच्यावर मी बोलायला लागलो की घरात सगळे आपापल्या कामाला लागतात, तसे लागले.

मग मीच कचरा शोधायला उठलो. काडेपेटी म्हणाल तर देवघरात एक, तीपण भरलेली, गॅसला लायटर. दोऱ्याची रिळं प्लास्टिकची, हलकी फुसकी. जुने कपडे बायकोने गेल्याच महिन्यात कुठल्याशा संस्थेची गाडी आली त्यात देऊन टाकले. बोहारणीला तर आमच्या सोसायटीचा वॉचमन आतच सोडत नाही. पूर्वी दोन पँटी, एक जरीची साडी आणि तासभर हुज्जत एवढ्यात एक स्टीलचा डबा यायचा आणि नंतर आठवडाभर आई म्हणायची, फसवलं बयेनं. कुरिअरची खोकी आहेत म्हणा ढीगभर, पण लेक म्हणाली खोकी सगळेच आणतात, सगळ्यांची घरंच होतात त्याची. मुद्दा बरोबर होता.

लाकडी रीळ मात्र पाहिजे होतं. ज्यांनी त्याची गाडी केलीय त्यांना सांगायला नको. रिळाच्या भोकातनं रबरबँड ओवायचं, एका बाजूला काडीचा तुकडा अडकवून तो फिरू नये म्हणून बारका खिळा ठोकायचा, दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची भोक पाडलेली चकती आणि तिच्यातनं एक लांब काडी. काडी फिरवून पीळ भरला की गाडी जमिनीवर सरपटायला लागायची, घाई नाही काही नाही, सरकारी कामासारखी. रिळाच्या कडांना ब्लेडने खाचा पाडल्या की तीच गाडी गोधडीवर चढायची. माझी तर उशीसुद्धा चढली होती एकदा, हे अजून कुणाला पटत नाही.

आणि बटणाची भिंगरी. कोटाचं मोठं बटण, दोन भोकांतनं दोरा, दोन्ही हातांनी ओढायचं-सोडायचं, घुंई घुंई घुंई. किंवा सोडावॉटरच्या बाटलीचं बूच दगडाने ठेचून सपाट करायचं, पण ते दात्यांनी बोटं कापायचं. ह्याच खेळण्यावरनं मनू प्रकाश नावाच्या शास्त्रज्ञाने तिकडं स्टॅनफर्डमध्ये कागदाचं सेंट्रिफ्यूज बनवलं, २०१७ साली ते जाहीर झालं, मिनिटाला सव्वा लाख फेरे आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा, वीज नको काही नको, किंमत वीस सेंट. वाचलं तेव्हा मला उगीचच स्वतःचा अभिमान वाटला. आम्ही त्या भिंगरीने फक्त पुढच्या बाकावरच्याचे केस गुंतवले.

अरविंद गुप्ता आठवतात का? कानपूरची आयआयटी करून इथं पुण्यात टेल्कोत ट्रकांवर काम करणारा माणूस, १९७८ साली तिकडं होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि सायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूब कापून त्याच्यात काड्या खुपसून पोरांना भूमिती शिकवायला लागला. चौकोन करा, तो लुळा पडतो, त्रिकोण करा, तो हलत नाही. बास, पूल आणि कैच्या का उभ्या राहतात ते कळलं. पुढं पुण्यातच आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते बरीच वर्षं होते, खेळणी करून दाखवायची आणि मोडायलासुद्धा द्यायची. मी हे सगळं लेकीला अर्धा तास सांगितलं. ती म्हणाली, बाबा पण आपल्याकडं व्हॉल्व्ह ट्यूब आहे का?

नव्हती.

आमच्या लहानपणी ह्या बाबतीत श्रीमंती होती. गाव इचलकरंजी. पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी चालू केला हे गुरुजींनी आमच्याकडनं पाठ करून घेतलेलं, आणि आम्ही जन्मलो तोवर गल्लीगल्लीत खटक् खटक् चालू. रात्री लाइट गेली की आवाज बंद पडायचा आणि त्या शांततेनं जाग यायची. आप्पा जॉबर होते, म्हणजे मागांचे डॉक्टरच म्हणा, हाताला कायम तेल आणि खिशात पाना. येताना कधीमधी सूत गुंडाळायच्या मोडक्या कांड्या आणायचे, लाकडी, निमुळत्या, त्यांचे आम्ही सैनिक करायचो, आणि एकदा मागात सूत घेऊन इकडनं तिकडं धावणारा एक धोटा, फुटका, आणला होता, दोन्ही टोकांना लोखंडी नाक असलेला, त्याची होडी केली आणि ती पहिल्याच पावसात गटारातनं पंचगंगेला गेली असं आम्ही ठरवून टाकलं. डाग पडलेल्या कोऱ्या कापडाचे तुकडेपण यायचे. त्याच्या माझ्या चड्ड्या, उशीचे अभ्रे, दिवाळीच्या आकाशकंदिलाचं अस्तर, पुस्तकांच्या पिशव्या. पावसाळ्यात रेनकोट म्हणून युरियाच्या पोत्याची खोळ, पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात घातला की झाली, ना सुई ना दोरा, पाठीवर पन्नास किलो निव्वळ वजन असं छापलेलं आणि आत एवढंसं पोरगं.

आईचं पायमशीन सेकंडहँड होतं. त्याच्याखाली चिंध्यांचं गाठोडं. त्या गाठोड्यात बोट घालून खाली खाली गेलं की जुने जुने कपडे लागायचे, आधी ताईचा फ्रॉक, मग आजीचं लुगडं, मग कुणाचं तरी लालभडक काहीतरी जे कुणालाच आठवत नव्हतं. लुगडं मऊ झालेलं असलं की ते बाळंतविड्याला. गल्लीत कुणाला दिवस गेले की आई गाठोडं सोडायची, दुपटी, झबली, टोपडी, आणि एखादा खणाचा तुकडा जपून ठेवलेला असला तर कुंची. नव्या बाळाला पहिल्यांदा कोरं कापड घालायचं नाही म्हणायची, टोचतं. मला अजूनही नवा शर्ट आधी दोनदा धुवून मगच घालायची खोड आहे, बायको हसते, हसू दे.

तर दप्तर. पाचवीला हायस्कूलात गेलो, पिशवी बंद, दप्तर पाहिजे. आईने आप्पांची लग्नातली पँट काढली. १९७७ सालचं लग्न, त्यामुळे बेलबॉटम, आणि बेलबॉटमला खाली कापड किती असतं हे ज्याने उसवलंय त्यालाच कळतं. तपकिरी टेरिकॉट, मरता मरत नाही असलं कापड. आईने ती पूर्ण उसवली, इस्त्री केली, आतनं कोरं कापड लावलं, खाटेची नवार काढून खांद्याचा पट्टा केला. मागचा बटणाचा खिसा होता तसा दप्तराच्या पोटावर आला. आणि कंपासपेटीसाठी बाजूला एक छोटा कप्पा केला, त्याला चेन पाहिजे होती, तर पँटला एक चेन होतीच की. पितळेची. चांगली चालू होती. ती लावली.

दोन दिवस कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरनं आवाज आला, ए, दप्तराची चेन लाव, उघडी हाय.

मग वर्षभर तेच. प्रार्थनेला उभं राहिलं की तेच, डबा खाताना तेच, गणिताच्या सरांनासुद्धा एकदा हसू आलं आणि त्यांनी ते फळ्याकडं वळून घालवलं. आता लिहिताना मलापण हसू येतंय म्हणा. तेव्हा नाही आलं. ते दप्तर फाटायचं नाव घेत नव्हतं. मी ते दगडावर आपटलंय, भिजवलंय, मुद्दाम शाई सांडलीय. तीन वर्षं टिकलं. आठवीला कसंबसं सुटलो.

हे सगळं मी लेकीला सांगितलं, हसवायला म्हणून. ती हसली नाही. तिचे डोळे एकदम मोठे झाले. म्हणाली बाबा, तेच करूया. तुझी जुनी जीन्स आहे ना, यूट्यूबवर दाखवतात डेनिमची बॅग, भारी असते. खिसे बाहेरून ठेव. आणि ती झिप पण पुढंच लाव, एकदम कूल दिसेल.

मी म्हटलं झिप नको.

झिप पाहिजेच.

कपाटात तळाशी एक जीन्स होती, जी मी पोट कमी झाल्यावर घालणार होतो. ती काढली. बायको त्यावर एक शब्द बोलली नाही, फक्त कात्री आणून दिली, त्यातच सगळं आलं. मशीन आमच्याकडं नाही, म्हणून हातानेच उलटी टीप घालायला बसलो, पाच वाजता. मांडीकडच्या जाड शिवणीत पहिली सुई मोडली. दुसरी अंगठ्यात गेली. आठ वाजेपर्यंत दोन बाजू झाल्या आणि तळाशी येऊन अडलो, कारण तळ काही केल्या सपाट बसेना, पुस्तक ठेवलं की बॅग पालथी पडायची. मग आईला फोन लावला.

काय रं, आज ह्या येळंला?

म्हटलं आई, दप्तराचं बूड चौकोनी कसं करायचीस तू?

कुठलं दप्तर?

पँटचं.

जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, उलटं कर. खालची टीप आन बाजूची टीप एकावर एक आन, कोपऱ्याचा त्रिकोण हुतोय बघ. त्येच्यावर आडवी टीप मार. दोनी कोपऱ्याला. आन तुला कशाला रं पँटचं दप्तर? दुकानात मिळंनात व्हय?

मी सांगितलं, शाळा, स्पर्धा, टाकाऊतून टिकाऊ वगैरे. ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. म्हंजे आता त्येला बक्षीस देत्यात?

देतात की. म्हटलं तू किती हौसेनं करायचीस गं हे सगळं.

हौस? हौस कशाची रं. लाल दप्तर होतं बाजारात, ससा होता त्येच्यावर. पस्तीस रुपयाचं. तीन खेपा घातल्या मी त्येला बघायला.

मला काय बोलावं कळेना. इकडं लेक बॅगेची चेन उघडझाप करून बघत होती, झरर्, झरर्.

आन तू ती चेनची बाजू आत करून धरायचास, आई म्हणाली. बोळाच्या वळणापतूर. मला दारातनं दिसायचं.

पुन्हा कुणीच काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, हाईस न्हवं?

हां.

दोरा दुहेरी घे. जीनला एकेरी टिकत न्हाई.