बोरूवाले कारकून

आज कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी लिपीतले जुने कागद डोळे भरून पाहिले. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं, शक्यतो हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायला वेळच कुणाला होता! दफ्तरात कागदांचा ढीग, त्यात एकेका पत्राच्या नकला. सगळं बोरूच्या लेखणीनं, काजळाच्या शाईत. शाई वाळावी म्हणून वर बारीक वाळू भुरभुरवायची. काही अक्षरांच्या वळणात इतका डौल आहे की मी त्या एकाच पानावर बराच वेळ रेंगाळलो.

बाळाजी आवजी चिटणीसांचं नाव आपल्याला ठाऊक असतं, कारण ते शिवछत्रपतींचे चिटणीस. पण नकला उतरवणाऱ्या शेकडो कारकुनांची नावं कोण घेतं? जमिनी, इनामं, वतनं, देवस्थानं यांचा हिशेब त्यांनी लिहिला म्हणून आज आपल्याला माहीत आहे. मला तर तेही तितकेच मोठे वाटतात.

करवीर, पन्हाळा, कागलकडच्या मंडळींनो, घरातल्या जुन्या पेटीत मोडी कागद असतील तर कृपा करून लॅमिनेशन करू नका. आधी फोटो काढा, मग मोडी जाणणाऱ्याला दाखवा.