कॉन्चा, इन्मा, साँव: एका नावाची ओळख

स्पेनमध्ये ओळखपत्रावर ‘मारिया दे ला कॉन्सेप्सिऑन’ असं भारदस्त नाव असतं आणि घरीदारी तिला कॉन्चा, कॉन्ची किंवा कॉन्चिता म्हणतात. नवीन आलेला मराठी माणूस ‘मारिया’ अशी हाक मारतो आणि तिला ती आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. इथल्या कितीतरी नावांच्या सुरुवातीला मारिया असते. हाकेचं नाव त्यानंतरचं. कागदपत्रांत तर मारियाचं नुसतं ‘एम’ आणि वर बारीक ‘ए’ उरतं. म्हणून विमानाचं तिकीट काढताना पासपोर्टवर छापलंय तेच नाव अक्षर न अक्षर उतरवा.

‘कॉन्सेप्सिऑन’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गर्भधारणा. पण कोणाची? येशूची नव्हे. येशूची आई मारिया स्वतः आपल्या आईच्या, म्हणजे संत ॲनच्या, उदरात आली त्या क्षणापासूनच मूळ पापापासून (प्रत्येक माणूस जे घेऊनच जन्मतो असं मानतात, त्या पापापासून) मुक्त होती, ही ती श्रद्धा. इथे भल्याभल्यांची गल्लत होते. पडताळा सोपा आहे: या गर्भधारणेचा सण 8 डिसेंबरला आणि मारियाचा जन्मदिवस 8 सप्टेंबरला, मध्ये बरोबर नऊ महिने. पोप नववे पायस यांनी हा सिद्धांत 1854 मध्ये अधिकृत केला, पण आयबेरियातली, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधली, भक्ती त्याच्या फार आधीची. पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव याने 1646 मध्ये राज्याचा मुकुटच तिला अर्पण केला. त्यानंतर तिथल्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. मला या नावामागची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

पोर्तुगीजमध्ये हेच नाव ‘कॉन्सेसाँव’ होतं आणि लाडात नुसतं शेवटचं ‘साँव’ उरतं. तिथे ते आडनावही आहे, त्यामुळे पुरुषाच्या नावात दिसलं तर चूक समजू नका. पणजीचं पायऱ्यांचं पांढरं चर्च याच मारियेचं. तिथलं फेस्तही 8 डिसेंबरलाच.

त्या दिवशी स्पेनमधल्या कॉन्चा आणि इन्माकुलादा (म्हणजे ‘निष्कलंक’, हाकेत इन्मा) या दोघींनाही ‘फेलिसिदादेस’ (अभिनंदन) म्हणा, कारण दोघींचा नामदिन, म्हणजे नावाशी जोडलेल्या सणाचा दिवस, एकच. अर्जेंटिना, उरुग्वे, चिलीत मात्र ‘कॉन्चा’ म्हणू नका. स्पेनमध्ये त्याचा अर्थ शिंपला, तिथे ती स्त्रीच्या अवयवावरून दिलेली शिवी आहे. तिकडे पूर्ण नावच घ्यावं.